शब्बाथनंतरचा बॉयलर

आपल्यापैकी पुष्कळांच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविणारा 'दूद' असतो. त्याचा थोरला भाऊ 'दूद कितोर', म्हणजे वाफेचा बॉयलर. तो कारखान्याच्या मागील अंगास धुराड्याखाली उभा असतो आणि त्याची ओळख फारच थोड्यांना असते. प्रस्तुत लेखकाने दक्षिणेकडील एका कापडगिरणीच्या रंगखात्यासाठी असा बॉयलर अनेक वर्षे सांभाळला. तो माझूतवर चाले. मुंबईस त्याच तेलाला फर्नेस ऑईल म्हणत. आता पुष्कळ ठिकाणी नैसर्गिक वायू आला आहे. परंतु पेटविण्याची शिस्त बहुतांशी तीच राहिली आहे.

आपले पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' हे नाव पडले. त्यांचा घाणा रविवारी बैल जुंपताच फिरू लागे. बॉयलरचे तसे नाही. शुक्रवारी दुपारी विझविलेला बॉयलर शब्बाथ सुटल्यावर पुन्हा हाताळावयाचा, तो जणू अनोळखी आहे असे समजूनच.

प्रथम पाणी. बॉयलर निवताना आतील वाफेचे पाणी होते, पोकळी निर्माण होते आणि ती कधी कधी टाकीतील पाणी आत ओढून घेते. म्हणून शनिवारी रात्री गेज ग्लासमध्ये दिसणाऱ्या पातळीवर विसंबू नये. परळच्या गिरणीत कोळशाचे बॉयलर सांभाळलेले एक वृद्ध गृहस्थ माझे गुरू होते. ते म्हणत, "बाळ, काच खोटे बोलते. तिला धुऊन मग विचार." काचेखालचा कॉक उघडून ती रिकामी करावयाची आणि पाणी झटकन परत चढते की नाही ते पाहावयाचे. पाणी तापले की फुगते; म्हणून आरंभी पातळी मध्याच्या किंचित खाली ठेवावी. वरचा हवेचा कॉक मात्र उघडाच हवा.

मग तेल. माझूत थंडीत काकवीसारखा घट्ट होतो. टाकीत तो ४० ते ५० अंशांपर्यंत ऊन ठेवला तरच पंपास ओढवतो, आणि बर्नरपाशी सुमारे १०० अंश वा त्याहून अधिक तापला तरच त्याचे बारीक तुषार होतात. टाकीच्या तळाचे पाणी काढून टाकणे, गाळणी धुणे, नोजल पुसणे ही कामे क्षुल्लक वाटतात. तथापि ज्योत लागणार की नाही, हे तेथेच ठरते.

सर्वांत कठीण काम म्हणजे थांबणे. ज्योतीपूर्वी पंखा चालवून भट्टी व धूरनळ्या यांतील हवा निदान चार वेळा पूर्ण बदलली पाहिजे. तेवढी मिनिटे हाताला काहीच काम नसते.

१९८३ च्या हिवाळ्यात एका रविवारी पहाटे मी घाई केली. रंगखात्यातून वाफेसाठी फोनवर फोन येत होते. तेल पुरते तापले नव्हते. ज्योत लागली नाही, बर्नर आपोआप बंद पडला. मी कारण न शोधता पुन्हा बटण दाबले. असे तीनदा झाले. दर खेपेस थोडे न जळलेले तेल भट्टीच्या तळाशी ठिबकले, आणि तापल्या विटांवर त्याचा धूर होत राहिला. पंखा तो किती नेणार? चौथ्या वेळी ज्योत लागली, आणि साचलेले सारे एकदम पेटले. पुढचे दार बिजागरीसह उडून भिंतीवर आदळले. माझ्या भुवया जळाल्या. माझा मदतनीस, वीस वर्षांचा मुलगा, क्षणापूर्वीच त्या दारासमोरून पंपाकडे गेला होता. पहिल्याच अपयशानंतर दार उघडून सांडलेले तेल पुसावयाचे, दोष शोधावयाचा आणि मगच पुन्हा पंखा लावावयाचा, हे मला तोंडपाठ होते.

ज्योत लागल्यावरही आग मंदच ठेवावी. पोलाद व विटा सावकाश तापल्या नाहीत तर नळ्यांचे सांधे गळू लागतात. पूर्ण गार झालेल्या मोठ्या बॉयलरला त्यासाठी कित्येक तास द्यावे लागतात. पेसाखच्या सुटीनंतर आम्ही आदल्या दिवसापासूनच तयारीस लागत असू. हवेच्या कॉकमधून वाफेची अखंड धार आली की तो बंद करावयाचा. दाब चढल्यावर गेज ग्लास पुन्हा धुवावयाची आणि सेफ्टी वाल्व हाताने उचलून पाहावयाचा.

मुख्य वाल्व शेवटी, आणि तोही केसभर. नळातील गार पाणी आधी निचऱ्यातून जाऊ द्यावे. नाही तर वाफ ते पाणी पुढे लोटते आणि नळात घणाचे घाव बसल्यासारखा आवाज होतो. तो आवाज थांबून नळ नुसता गुणगुणू लागला की मी रंगखात्यास फोन करीत असे. पलीकडून बहुधा एकच प्रश्न येई, "इतका उशीर का?"