बंब, गीझर आणि न्हाणीघराची खिडकी

अमेरिकेच्या उत्तर भागात राहणारी आमची आत्या नोव्हेंबर लागला की नळांच्या काळजीत पडते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि लोखंडाची नळीसुद्धा फोडते. म्हणून तिकडे नळ्यांना कापडी वेष्टणे घालतात, कडाक्याच्या रात्री तोटी थोडी ठिबकत ठेवतात. हे ऐकून आमची आजी म्हणायची, "बरं बाई, आपल्या धारवाडात नळाला शाल पांघरावी लागत नाही!" खरेच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरच्या आपल्या गावात पहाटे दात वाजतात, पण नळात बर्फ होत नाही. तेव्हा घराची हिवाळ्यासाठी तयारी असा काही प्रकार आपल्याकडे नाहीच, असे वाटू शकते.

पण तो होता, आणि त्याला तिथीही होती. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आपल्या कन्नड शेजाऱ्यांकडे 'नीरु तुंबुव हब्ब', म्हणजे पाणी भरण्याचा सण, असतो. न्हाणीतला हंडा घासून, पुसून, सजवून पाण्याने भरायचा. मराठी घरांत त्याच सुमारास बंब अंगणात यायचा. चिंच लावून तो लखलखीत केला जाई, हे सर्वांना आठवते. त्याच वेळी मधली नळी ठोकून काजळी पाडली जाई, जाळीखालची राख निघे आणि गळक्या तोटीची चकती बदलली जाई, हे मात्र विसरले जाते. अभ्यंगस्नानाच्या निमित्ताने वर्षातून एकदा यंत्राची तपासणी होत असे.

बंबाची रचना साधी. तांब्याच्या उभ्या पिंपातून आरपार जाणारी एक नळी, तिच्या तळाशी जाळी, भोवती पाणी. निखाऱ्यांनी तापलेली हवा नळीतून वर चढते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. पऱ्हाट्या, करवंट्या, जोंधळ्याची धसकटे, काहीही घाला. धूर मात्र मुबलक! म्हणून न्हाणी मागच्या अंगाला असे, वर कौले, कौलांच्या फटींतून आभाळ दिसे. धूर कोंडला तर डोळे चुरचुरत आणि माणूस आपण होऊन दार उघडी. ही फार मोठी सोय होती, हे बंब गेल्यावर कळते.

बंबाच्या जागी आलेल्या विजेच्या गीझरचा हिशेब थोडक्यात सांगतो. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५५ अंशांपर्यंत न्यायला ५२५ किलोकॅलरी लागतात. २ किलोवॅटच्या गीझरला त्यासाठी सुमारे १८ मिनिटे पुरावीत. अर्धा तास लागू लागला, तर कॉईलवर क्षार चढला असे बहुधा समजावे. मलप्रभेचे पाणी वर्षानुवर्षे रोज न आल्याने आपल्यापैकी अनेकांच्या टाकीत बोअरचे जड पाणी मिसळते, आणि जड पाणी तापले की चुन्याचा थर बसतो. तो उष्णता अडवतो, आत कॉईल जळते. दिवाळीपूर्वी तो काढून घ्यावा. त्याच वेळी दाब सोडणारी झडप मोकळी आहे ना आणि अर्थिंग शाबूत आहे ना, हेही पाहून घ्यावे. बादलीत रॉड सोडणाऱ्या वसतिगृहातील मित्रांना एवढेच सांगणे: बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

खरा धोका आहे गॅसच्या गीझरचा. तो स्वस्त पडतो, वीज गेली तरी चालतो, म्हणून भाड्याच्या घरांत लोकप्रिय. पण तो हवा किती खातो पाहा. मिनिटाला ६ लिटर गरम पाणी देणारा गीझर पाव तासात सुमारे ३ घनमीटर हवा वापरतो. ५ फूट रुंद, ६ फूट लांब, ८ फूट उंच न्हाणीघरात सारी मिळून ७ घनमीटरही हवा नसते! प्राणवायू अपुरा पडला की गॅस पुरता जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, ना डोळ्यांची चुरचुर. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला घट्ट धरते. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते. कडी काढायचे सुचेपर्यंत हात उचलत नाही. हिवाळ्यात हे अधिक घडते. पाणी थंड असल्याने गीझर जास्त वेळ जळतो, आणि वारा लागतो म्हणून खिडकी बंद असते.

माझ्या एका वर्गमित्राची डोकेदुखी अशीच होती. डिसेंबरभर रोज सकाळी डोके ठणके, कॉलेजात आल्यावर तासाभरात उतरे. जागरण, चष्मा, परीक्षा अशी सगळी निदाने झाली. एके दिवशी तो न्हाणीच्या दारातच कोसळला. दार लोटलेले होते म्हणून शेजारच्यांनी त्याला ओढून मोकळ्या हवेत आणले, गॅस बंद केला आणि तडक दवाखाना गाठला. आम्ही खोलीवर जाऊन पाहिले, तर न्हाणीच्या झडपांच्या खिडकीवर वर्तमानपत्र चिकटवलेले! थंडी नको म्हणून त्यानेच खळ लावून नीट बसवले होते.

अशा गीझरची जागा न्हाणीघरात नाहीच. तो बाहेर, मोकळ्या हवेत टांगावा आणि आत फक्त नळी न्यावी. तोवर खिडकी उघडी हवी, दाराखाली फट हवी, आणि बादली आधी भरून, गीझर बंद करून, हवा खेळू दिल्यावर मगच आंघोळीला बसावे. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली तर त्याच दिवशी वापर थांबवून दुरुस्ती करावी. पण निळी आहे म्हणून खिडकी लावून घेऊ नये.

मित्राच्या घरमालकांनी गीझर मागच्या उघड्या पडवीत नेला. आता मधे १० मीटर अर्ध्या इंची नळी आहे. तिच्यात पावणेदोन लिटर पाणी मावते आणि पहाटे तेवढे गार पाणी आधी येते. त्यावर तो रोज कुरकुरतो.