अर्ध्या चौकोनाचा फरक

बहुतेक घरांत कुणाचा ना कुणाचा ईसीजी जुन्या फाइलीत पडून असतो. तो काढा आणि त्यावरचे बारीक चौकोन बघा. एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. ठोका सुरू होतानाच्या ‘क्यू’ या टोकापासून ‘टी’ ही टेकडी उतरेपर्यंतच्या अंतराला डॉक्टर ‘क्यूटी’ म्हणतात. हृदयाच्या स्नायूतून वीज गेली आणि तो पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा सज्ज झाला, एवढा तो वेळ. बायकांचा क्यूटी पुरुषांपेक्षा सरासरी १० ते २० मिलिसेकंद लांब असतो. म्हणजे फार तर अर्धा चौकोन.

हा अर्धा चौकोन काहींच्या जिवावर बेतला आहे. टर्फेनाडिन ही शिंका-खाजेवरची गोळी आणि सिसाप्राइड हे छातीतल्या जळजळीवरचं औषध, दोन्ही एकेकाळी सर्रास लिहून दिली जायची. क्वचित कुणामध्ये त्यांनी क्यूटी इतका ताणला, की ठोक्यांचा आलेख दोरीला पीळ बसावा तसा वळत गेला. अशा पिळात माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. औषधांमुळे हा पीळ पडलेल्या रुग्णांत साधारण दोन-तृतीयांश बायका असतात. अमेरिकेत १९९७ पासून मागे घेतलेल्या १० औषधांपैकी ८ बायकांना अधिक धोक्याची होती, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी २००१ मध्ये मांडलं. त्यांतली ४ मुळात बायकाच जास्त घेत होत्या, हे खरं. उरलेल्या ४ औषधांना ती सबब लागू नव्हती. सिसाप्राइड अमेरिकेच्या बाजारातून २००० मध्ये गेलं. आपल्याकडे बंदी यायला २०११ उजाडलं.

मुलगा-मुलगी वयात येईपर्यंत त्यांचा क्यूटी सारखाच असतो. मग मुलांचा आखूड होतो. त्यामुळे बोट हॉर्मोनकडे गेलं, आणि ते चुकीचंही नाही. पण हॉर्मोन वजा केले तर काही उरतं का? जिवंत माणसात ही वजाबाकी करता येत नाही. डिशमध्ये वाढवलेल्या पेशीत बऱ्याच अंशी येते, आणि या विषयात मला सगळ्यात रस आहे तो इथेच.

अशा पेशी वाढवण्याचं काम आपल्याकडेही चालतं. बेंगळुरूत हेब्बाळचा फ्लायओव्हर ओलांडून बेल्लारी रोडनं निघालं, की जीकेव्हीके हे कृषी विद्यापीठाचं आवार लागतं. नाचणीच्या वाणांवर जिथं संशोधन चालतं, त्याच आवारात मूलपेशींवर, म्हणजे कुठल्याही अवयवाची पेशी बनू शकणाऱ्या पेशींवर, काम करणारी इन्स्टेम ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथून जवळच, जक्कूरला, जवाहरलाल नेहरू सेंटर ही संशोधन संस्था. मनीषा इनामदार यांनी याच जक्कूरच्या प्रयोगशाळेत भ्रूणातून मूलपेशींचे दोन वंश तयार केले आणि २००९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात तिसऱ्या प्रतीचे ठरून टाकून द्यायचे भ्रूण होते ते. दोन्ही वंश सख्ख्या भावंडांचे, नावं बीजेएनहेम १९ आणि २०. पुढे २०२२ मध्ये इनामदार इन्स्टेमच्या संचालक झाल्या.   

इन्स्टेममध्येच पेरुंदुरै दंडपाणी हृदयस्नायूच्या आनुवंशिक आजारांवर काम करतात. त्यांचं आणि हैदराबादच्या कुमारसामी थंगराज यांचं २००९ मधलं संशोधन गाजलं होतं: हृदयस्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेली असणं, आणि ही गळती सुमारे ४ टक्के भारतीयांत असणं. तरुणपणी अशा माणसाला काही जाणवत नाही, चाळिशी-पन्नाशीनंतर हृदय कमजोर होण्याचा धोका वाढतो. हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. एक्स-वायशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे मुलगा-मुलगी दोघांकडे ते सारखंच येतं. तरीही हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात जगभरच्या नोंदींत पुरुष जास्त दिसतात, आणि बायकांचं निदान उशिरा, जास्त वयात होतं. यात डॉक्टरकडे उशिरा जाण्याचा भाग किती आणि पेशीचा किती?

पेशीला विचारायचं, तर आधी ती बनवावी लागते. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घालून तिला मूलपेशी करून दाखवलं. अशी पेशी डिशच्या तळावर दाटीनं वाढू देतात. मग तिची हृदयपेशी व्हावी म्हणून एक रसायन देऊन वाढीचा एक संदेश चढवायचा आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या रसायनानं तोच उतरवायचा. आठव्या-दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली एखादा कोपरा लवतो. डोळा लवावा तसा. मग दुसरा कोपरा लवतो, आणि काही दिवसांत दुधावरच्या सायीसारखा तो अख्खा पापुद्रा एका तालात हलू लागतो. मेंदू नाही, नसा नाहीत, रक्त नाही. मीडियम, म्हणजे पेशींचं द्रवरूप खाणं, मात्र एक-दोन दिवसांआड बदलावं लागतं, रविवार असो की दिवाळी.

त्या मीडियमचा गुलाबी रंग फिनॉल रेडचा. आम्लता वाढली की तो पिवळा पडतो आणि खाणं बदलायची वेळ कळते. पण हाच रंग किंचित इस्ट्रोजेनसारखाही वागतो! म्हणजे हॉर्मोनमुक्त समजून ठेवलेल्या डिशमध्ये बायकी हॉर्मोनची नक्कल मुळातच कालवलेली. म्हणून अशा प्रयोगांना बिनरंगाचं मीडियम घेतात, आणि सीरम वापरायचंच झालं तर त्यातले हॉर्मोन कोळशानं शोषून काढतात.

मग डिशमधल्या बायकांच्या आणि पुरुषांच्या हृदयपेशींत फरक दिसतो का? अमेरिकी औषध नियामकाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अनेक निरोगी स्त्री-पुरुषांच्या पेशींपासून हृदयपेशी वाढवल्या आणि क्यूटी ताणणारी औषधं त्यांवर घातली. पोटॅशियम बाहेर जाण्याची दारं अडवणाऱ्या औषधांना बायकांच्या पेशी जास्त बळी पडल्या. वजाबाकी करूनही काही उरलं होतं.

इथं मला घाई करवत नाही, कारण एक्स गुणसूत्राची एक भानगड आहे. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात, त्यांतला एक झोपवलेला असतो; काही पेशींत आईकडचा, काहींत वडलांकडचा. तिचं हृदय अशी गोधडी असते. मूलपेशींचा वंश मात्र बहुधा एकाच पेशीपासून वाढवतात, म्हणजे गोधडीतला एकच तुकडा. एकाच बाईचे दोन वंश यामुळेच वेगळे निघू शकतात. वर, डिशमध्ये महिनोन्‌महिने वाढवताना झोपलेला एक्स काही ठिकाणी जागा होतो. मग दिसलेला फरक बाईपणाचा, की डिशचा? शिवाय या पेशी वयानं भ्रूणाच्या. त्या रजोनिवृत्तीबद्दल काय सांगणार? एक बाई आणि एक पुरुष घेऊन काढलेला निष्कर्ष तर मी बाजूलाच ठेवतो. तो फरक त्या दोन माणसांमधला असू शकतो.

भावंडांचे वंश हा गोंधळ थोडा कमी करतात. त्याहून पुढची युक्ती जेरुसलेमच्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना दोन एक्स आणि एक वाय घेऊन जन्मलेला एक पुरुष सापडला. त्याच्या रक्तपेशींतून त्यांनी मूलपेशींचे वेगवेगळे वंश काढले: काही एक्सएक्स, काही एक्सवाय. बाकीची सगळी गुणसूत्रं तीच, एकाच माणसाची.