आकडा वजनाचा, पारख मुठीची

बॉक्सिंग ग्लोव्हजवरचे १०, १२, १६ हे आकडे हाताच्या मापाचे नसून वजनाचे असतात. १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. १६ औंसांचा एकेक ग्लोव्ह साडेचारशे ग्रॅम भरतो. पुण्याच्या देविका घोरपडेने २०२२ मध्ये ५२ किलो गटात जागतिक युवा विजेतेपद पटकावलं. महिलांच्या अशा लढती १० औंसांच्या ग्लोव्हजनी होतात. जोडीदारासोबतच्या सरावात मात्र मोठी माणसं बहुधा १६ औंसांचेच घालतात.

कारण आतली गादी. गादी दबेपर्यंत मूठ थांबायला वेळ लागतो, आणि वेळ वाढला की आघाताचा जोर उतरतो. वाचतात ती मुख्यतः हाताची हाडं, विशेषतः करंगळीमागचं नाजूक हाड. समोरच्याचं डोकं गदागदा हलायचं ते हलतंच. ग्लोव्हजमुळे मेंदू सुरक्षित राहतो हा भाबडा समज आहे.

बॅगवर ठोसे मारून गादी बसते, म्हणून बॅगेसाठी वेगळी जोडी ठेवावी. पेडगावासारख्या लहान गावात बसून ऑनलाइन मागवणार असाल तर परत करण्याची सोय आधी बघा, कारण खरी पारख हातात घातल्यावरच होते. मनगटाला पट्टी गुंडाळूनच ग्लोव्ह घाला, मूठ वळा: अंगठा अवघडला किंवा बोटांची टोकं शिवणीला टेकली, तर परत करा. एकट्याने सराव असेल तर लेसपेक्षा वेल्क्रो बरा. लेस बांधायला दुसरा माणूस लागतो. परभणीकडच्या उन्हाळ्यात घाम फार, तेव्हा सराव संपल्यावर ग्लोव्हज पिशवीत कोंबू नका. तोंड उघडं ठेवून सावलीत वाळवा. कडक उन्हात चामडं तडकतं.