ऑफिसात इंग्लिश, कँटीनमध्ये जर्मन!

बर्लिनच्या आयटी कंपनीत मीटिंग इंग्लिशमध्ये, मेल इंग्लिशमध्ये. मग जर्मन कशाला शिकायचं, बॉस? दुसरी नोकरी शोधायला बसलात की कळतं! कितीतरी जाहिरातींच्या तळाशी एक ओळ असते: जर्मन बी-२ किंवा सी-१. ब्लू कार्डवाल्यांचा हिशेब तर सरळ आहे. बाकीच्या अटी पुऱ्या असतील तर ए-१ वर २७ महिन्यांनी पर्मनंट रेसिडेन्सी, बी-१ वर २१.

आता गुड न्यूज. इंग्लिशवाल्यांना घाम फोडणारी तीन लिंगं आपल्याकडे आहेतच: देअर, दी, दास म्हणजे तो, ती, ते. (चमचा तिथेही ‘तो’च, पण काटा ‘ती’ आणि सुरी ‘ते’. पाठच करा!) पंचवीस म्हणताना तेही पाच आधी म्हणतात, मग वीस. आणि ‘हाल्ब द्राय’ म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. नाहीतर इंटरव्ह्यूला तासभर उशिरा पोहोचाल.

फोल्क्सहोखशूलेचे संध्याकाळचे क्लास खिशाला परवडतात. खरी परीक्षा मात्र कँटीनमध्ये. तुम्ही जरा अडखळलात की समोरचा चटकन इंग्लिशवर येतो. तेव्हा हसून ‘आउफ डॉइच, बिटं’ म्हणायचं आणि आपलं मोडकंतोडकं जर्मनच रेटायचं.