संगणकातली अळी आणि बोगस औषध

कपाशीचे बोंड वरून हिरवेगार दिसावे आणि फोडून पाहावे तो आत गुलाबी अळी! २०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी घरांनी हे दुःख भोगले. तेव्हा नेरच्या मैत्रिणींना निराळे सांगायला नको, की खरे नुकसान करणारा किडा बाहेरून दिसत नाही. आणखीही एक सांगायला नको. अळीच्या मागोमाग बोगस औषधवालेही येतात. घाबरलेला माणूस बाटलीवरचे नाव वाचत बसत नाही, पैसे काढून देतो.

घरातल्या संगणकाचेही नेमके असेच आहे, मैत्रिणींनो. त्यालाही अळी लागते आणि त्यालाही बोगस औषधवाले गाठतात. आज ह्या दोघांची ओळख करून घेऊ.

“संगणक म्हणजे मुलांचं खातं, आपल्याला काय त्यातलं कळतं?” असे म्हणून आता भागायचे नाही. मुलांचे प्रवेशाचे अर्ज, शेताचा सातबारा, पीकविम्याचे कागद, बचत गटाचा हिशेब, बँकेचे व्यवहार, घरातल्या लग्नाचे फोटो – सारे त्या एका पेटीत असते. कपाटाची किल्ली आपण कमरेला खोचतो, मग ह्या पेटीला कडी कोण लावणार?

अळी येते कशी?

व्हायरस आणि वर्म हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे. व्हायरस एखाद्या फाइलला चिकटून येतो आणि आपण ती उघडली की कामाला लागतो. वर्म म्हणजे किडा. त्याला आपल्या हातभाराची वाट पाहावी लागत नाही. स्वतःच्याच प्रती काढत तो एका संगणकातून दुसऱ्यात आपला आपण सरकतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेल्या अशा एका किड्याने हजारो संगणक अडवून धरले होते. त्या वेळी इंटरनेट केवढेसे होते!

किड्याला शिरायला भोक लागते. विंडोजमध्ये सापडलेले असेच एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे अपडेट, मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. त्यानंतर १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा त्याच भगदाडातून सुमारे दीडशे देशांत शिरला, लोकांच्या फायलींना कुलूप घालून खंडणी मागू लागला. मध्ये जवळजवळ दोन महिने होते. कडी हातात दिलेली होती, अनेकांनी ती लावली नव्हती इतकेच.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ आला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये झाली, आणि त्याच्या तडाख्याने आपल्या रायगड जिल्ह्यातल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. कुठे युक्रेन, कुठे न्हावाशेवा! मग नेर तरी काय लांब आहे?

तीन कड्या

पहिली कडी अपडेटची. पडद्यावर अपडेटची सूचना आली की आपण ‘नंतर’वर टिचकी मारून मोकळ्या होतो. तसे करू नये. मात्र अपडेट नेहमी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊनच करावे, एखाद्या वेबसाइटने पुढे केलेल्या बटणावरून नव्हे. विंडोज ७ ची दुरुस्ती १४ जानेवारी २०२० पासून बंद झाली आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून. हंगाम संपल्यावर शेतात फरदड उभी ठेवली की अळीला पुढच्या हंगामापर्यंत आयते घर मिळते. दुरुस्ती बंद झालेली विंडोज म्हणजे फरदडच! नवी घेणे जमत नसेल तर तो संगणक लिहिण्या-वाचण्याला वापरा, बँकेच्या कामाला नको.

दुसरी कडी पेन ड्राइव्हची. झेरॉक्सच्या दुकानात दिवसभरात किती जणांचे पेन ड्राइव्ह एकाच संगणकाला लागतात, पाहा बरे. घरी आल्यावर आपल्या फोल्डरच्या जागी कोपऱ्यात लहानसा बाण असलेली चित्रे दिसली, तर त्यांवर मुळीच टिचकी मारू नका. खऱ्या फायली बहुधा लपवलेल्या असतात आणि तो बाण म्हणजे किड्याला दिलेले आमंत्रण असते. आधी अँटिव्हायरसने पेन ड्राइव्ह तपासून घ्या. छापायच्या कागदांपुरता एक वेगळा पेन ड्राइव्ह ठेवलात तर उत्तम.

तिसरी कडी दुसऱ्या प्रतीची. वर्षाचे सगळे लोणचे आपण एकाच बरणीत भरत नाही, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. तसेच फोटो आणि कागद महिन्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत आणि काम होताच वायर काढून डिस्क कपाटात ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर किडा तिथेही पोचतो.

बोगस औषधवाला

आता दुसऱ्या चोराकडे वळू. हा भोकातून शिरत नाही, आपल्याच हातून दार उघडवून घेतो. पाककृती शोधताना किंवा मुलगी निकाल पाहत असताना एकदम पडदा लाल होतो. सायरन वाजतो. एक पट्टी भराभर सरकते आणि आकडा येतो – इतके व्हायरस सापडले! खाली लिहिलेले असते, ‘ताबडतोब हे औषध विकत घ्या’, नाही तर ‘ह्या नंबरवर फोन करा’.

हा सगळा देखावा आहे. कुठलीही वेबसाइट नुसती उघडल्याबरोबर आपला अख्खा संगणक तपासू शकत नाही. ती सरकणारी पट्टी म्हणजे निव्वळ सिनेमा!

‘इनोव्हेटिव्ह मार्केटिंग’ नावाच्या एका परदेशी कंपनीने हाच सिनेमा दाखवून दहा लाखांहून अधिक लोकांच्या गळ्यात खोटे अँटिव्हायरस मारले. ‘विनफिक्सर’, ‘एक्सपी अँटिव्हायरस’ अशी त्यांची भारदस्त नावे होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ साली ह्या मंडळींना कोर्टात खेचले आणि २०१२ मध्ये कोर्टाने १६ कोटी ३० लाख डॉलर भरण्याचा निकाल दिला. आता हा धंदा फोनवर आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ ह्या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. मोठ्या कंपन्यांचे मदतनीस असल्याचे भासवून परदेशी लोकांना लुबाडणारी कॉल सेंटरे आपल्याच देशात चालत होती.

मग खरे औषध कसे असते? पुण्याच्या काटकर बंधूंचे उदाहरण घ्या. कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर ते कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम शिकले आणि पुढे त्यांनी स्वतःचे दुकान काढले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरसच फार, हे पाहून संजय यांनी ते काढणारे प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि त्यातूनच १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ उभे राहिले. आधी रोग पाहिला, मग औषध केले. बोगसवाला आधी भीती विकतो, रोग असो वा नसो.

हेच विकत घ्या असे मात्र मी म्हणत नाही हं! विंडोज १० आणि ११ मध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ हा राखणदार मुळातच असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. साध्या घरगुती वापराला तो चालू ठेवून अपडेट करत राहिले तरी पुष्कळ झाले. दोन-दोन अँटिव्हायरस एकदम घालू नयेत, ते एकमेकांच्या पायात येतात. शिवाय केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’त २०१७ पासून किडे काढणारी साधने फुकट मिळतात.

सायरन वाजला तर

• पडद्यावरचे काहीही दाबू नका. ‘बंद करा’चे बटणसुद्धा खोटे असू शकते.
• एस्केपचे बटण काही क्षण दाबून धरा. तरीही पडदा जात नसेल तर ऑल्ट आणि एफ-४ एकत्र दाबा. तेही नाही जमले तर सरळ संगणक बंद करा.
• दिलेल्या नंबरवर फोन करू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो.
• कोणी सांगितले म्हणून संगणक लांबून चालवू देणारा प्रोग्रॅम घेऊ नका. ती घराची किल्ली परक्याच्या हाती देणे आहे.
• असे इशारे वारंवार येत असतील तर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘नोटिफिकेशन’ पाहा. कधीतरी चुकून ‘अलाउ’ केलेली अनोळखी नावे तिथे असतील, ती काढून टाका.
• मग शांतपणे विंडोज सिक्युरिटी उघडून संपूर्ण तपासणी करा.

आणि घरात सांगा

ओळखीतल्या एका बाईंच्या संगणकावर असाच सायरन वाजला. त्यांनी नंबर फिरवला, पलीकडच्या ‘साहेबां’नी गोड बोलून संगणक हातात घेतला आणि खात्यातून कापसाच्या चुकाऱ्याचे पैसे गेले. त्याहून वाईट पुढे झाले. “घरचे काय म्हणतील व बाप्पा!” ह्या धाकाने त्या दोन दिवस गप्प राहिल्या. बँकेला कळवले तोवर पैसे पार पुढे निघून गेले होते.

पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० ह्या सरकारी मदत क्रमांकावर फोन लावावा आणि बँकेला कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरत असतो तेवढ्यात तो अडवता येण्याची शक्यता असते. जो वेळ जाईल तो चोराचा.

म्हणून घरातल्या पुरुषांनाही सांगणे आहे : बाई सांगायला आली की आधी फोन लावा, “तू हात लावलासच कशाला?” हे मागाहून. खरे तर मागाहूनही नको. अहो, फसवणाऱ्याचा धंदाच मुळी भीतीवर चालतो. सायरनची भीती तो दाखवतो, बोलणी खाण्याची भीती आपण घरात पुरवतो.

खरा राखणदार आरडाओरडा करून पैसे मागत नाही, एवढी एक खूण मनाशी पक्की धरा. आणि आज दुपारी जेवणे आटोपली की संगणक उघडा आणि ते ‘नंतर, नंतर’ म्हणून ठेवलेले अपडेट तेवढे करून टाका!