उजनीचे गुलाबी पाहुणे

“टीचर, रविवारी आम्ही फ्लेमिंगो पाहिले!” सातवीतल्या मुलाने अब्बांच्या मोबाईलमधला फोटो दाखवला. लांब पिवळी चोच, शेपटीजवळ गुलाबी पिसे. तो फ्लेमिंगो नव्हता, चित्रबलाक होता. उजनीच्या पाण्यावर तो नेहमी दिसतो, म्हणून ही गफलत अनेकांची होते.

फ्लेमिंगो म्हणजे रोहित किंवा अग्निपंख. त्याची चोच गुलाबी, टोकाला काळी आणि मधोमध खाली वाकलेली असते. मान लांब, पाय त्याहून लांब. डोके उलटे करून तो उथळ पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. उडताना पंखांत लाल-काळा रंग झळकतो. राखाडी-तपकिरी दिसला तर तो लहान वयाचा समजावा. गुलाबी रंग त्याला अन्नातूनच मिळतो.

कच्छच्या रणात रोहितांची मोठी वीण-वसाहत आहे. १९४० च्या दशकात डॉ. सालिम अलींनी तिथे जाऊन तिचा अभ्यास केला.

हिवाळ्यात रोहित भीमेवर येतात. पण धरण तुडुंब असेल तर त्यांना उथळ चिखल मिळत नाही. मग ते उशिरा आणि थोडेच दिसतात. पाणी ओसरू लागले की भिगवण-कुंभारगावकडे सकाळी लवकर जावे, दुर्बीण न्यावी.

नावाड्याला मात्र “अजून जवळ घ्या” म्हणू नका. थवा उडाला की फोटो छान येतो, पण त्यांचे खाणे मोडते. दस्तरखानावर बसलेल्या मेहमानाला आपण कधी उठवतो का?