गावाला विचारून आखलेली सीमा

सटवाईने कपाळी लिहिलेले पुसत नाही; नकाशावरच्या रेषेचेही तसेच, अशी आपली समजूत. पण युरोपात एका गावाने ही रेषा मतपत्रिकेने पुसली. त्याची ही हकीकत.

स्वित्झर्लंड देश चिमुकला, तरी त्यात प्रांत सव्वीस! त्यांना तेथे कॅन्टन म्हणतात. प्रत्येकाची राज्यघटना निराळी, विधिमंडळ निराळे, करही निराळे.

१८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत मुत्सद्द्यांनी ज्युराचा डोंगराळ मुलूख बर्न प्रांताच्या पदरात टाकला. बर्न मुख्यतः जर्मन बोलणारा आणि प्रॉटेस्टंट. ज्युरा बहुतांशी फ्रेंच बोलणारा, त्यातही उत्तरेकडचा भाग कॅथलिक. संसार सुखाचा व्हायचा कसा? १९४७ साली ज्युराच्या एका मंत्र्याला, तो फ्रेंच भाषिक म्हणून, बांधकाम खाते नाकारण्यात आले आणि इतक्या वर्षांची धग भडकली. पुढे जाळपोळही झाली.

शेवटी बर्नने शहाणपणाचा मार्ग काढला. २३ जून १९७४ रोजी साऱ्या ज्युराला प्रश्न विचारला: नवा प्रांत हवा का? ३६,८०२ जणांनी होय म्हटले, ३४,०५७ जणांनी नाही. मग नाही म्हणणाऱ्या जिल्ह्यांना पुन्हा विचारले, आणि त्यानंतर सीमेवरच्या गावांना. गंमत अशी की, दक्षिणेकडचे लोकही फ्रेंचच बोलत. पण ते प्रॉटेस्टंट, त्यांनी बर्नशीच राहणे पसंत केले. घरातली भाषा एक असली म्हणून मनही एकच असते असे नाही! १९७८ साली सबंध देशाने नव्या प्रांतावर मान्यतेची मोहोर उठवली आणि १ जानेवारी १९७९ रोजी ज्युरा प्रांत जन्मला.

वेलरा हे इवलेसे खेडे तेव्हा सीमेला लागून नव्हते, म्हणून त्याला कोणी विचारलेच नाही. त्याने हट्ट सोडला नाही. १९९६ साली ते ज्युरात आले. उरले मुतिये हे गाव. २०१७ साली तेथे ज्युराच्या बाजूने अवघी १३७ मते अधिक पडली. पण गैरप्रकारांमुळे ते मतदान रद्द झाले. २०२१ साली पुन्हा कौल घेतला: २,११४ विरुद्ध १,७४०. १ जानेवारी २०२६ पासून मुतिये ज्युरात गेले. शाळा, कर, न्यायालय, मोटारींच्या पाट्या, सारे बदलले. विरुद्ध मत देणारे १,७४० जण मात्र त्याच गल्ल्यांत, त्याच शेजाऱ्यांसोबत राहायचे आहेत.

‘खेडे हा घटक’ हे शब्द मराठी माणसाला नवे नाहीत. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासून ते आपण ऐकत आलो. आपला वाद आयोगाकडून न्यायालयात गेला. ज्युराच्या लोकांनाही दोनशे दहा वर्षे लागली. फरक एवढाच, की तेथे अखेरचा शब्द गावाचा होता.